शेवटचं प्रकरण सोडून

महिन्याचा शेवटचा आठवडा आला की माझ्या घरात बसायला जागा उरत नाही. खुर्चीवर पुस्तकं, पलंगावर पुस्तकं, जेवणाच्या टेबलावर तर ताट ठेवायला एखादा राजा नाहीतर एखादा खुनी बाजूला सारावा लागतो. परवा गॅसशेजारी, तेलाच्या बाटलीला टेकवून, ग्रहताऱ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक उघडं ठेवलेलं. म्हटलं, अहो, हे इथे काय करतंय? तर म्हणे भाजी परतता परतता वाचत होतो. भाजी करपली होती हे वेगळं सांगायला नको. ग्रहताऱ्यांना मात्र काही झालं नव्हतं.

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. होते म्हणायचं आता, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. निवृत्त माणसं बागेत फिरतात, जुन्या साहेबांना नावं ठेवतात, बायकोला बाजारातून काहीबाही आणून देतात. हे दिवसभर पुस्तकं वाचतात, आणि नुसतं वाचून गप्प बसतील तर शपथ. दर महिन्याच्या एक तारखेला ह्यांचा कागद निघतो. महिनाभरात जे जे वाचलं त्या प्रत्येक पुस्तकाबद्दल चार ओळी, कोणी वाचावं, कोणी हातही लावू नये, सगळं अगदी साहेबी थाटात. एक प्रत आमच्या इमारतीच्या खालच्या फळ्यावर, एक वाचनालयात ग्रंथपालबाईंच्या खुर्चीमागे, आणि एक खालच्या बेकरीच्या काचेवर. लोक बेकरीत पाव घ्यायला येतात आणि पाव हातात धरून वाचत उभे राहतात. मागची माणसं खोळंबतात. बेकरीवाला सज्जन, तो काही बोलत नाही.

त्या कागदात ह्यांनी वयाप्रमाणे कप्पे पाडलेत. 'दात यायचेत त्यांच्यासाठी', 'दात पडताहेत त्यांच्यासाठी', 'मिसरूड फुटलेल्यांसाठी', 'चष्मा लागलेल्यांसाठी', आणि शेवटी 'कवळी लावणाऱ्यांसाठी'. या शेवटच्या कप्प्यात एकदा ह्यांनी 'आमच्या शेजारच्या बाईंना फार आवडेल' असं लिहून टाकलं. शेजारच्या बाईंनी त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं. कवळी ह्यांनी लिहिली आणि अबोला माझ्याशी, हा कुठला न्याय?

आणि वाचायचं म्हणजे सरसकट सगळं वाचायचं. भुताखेतांचं, प्रेमाचं, गणिताचं, मधमाश्या कशा पाळाव्यात त्याचं. एकदा तर बाळांना अंघोळीत खेळायला द्यायचं रबरी पुस्तक घेऊन आले. त्यात सगळी मिळून चार पानं आणि एक बदक. हे ते बादलीत बुडवून वाचत बसले आणि मी बाथरूमच्या बाहेर टॉवेल घेऊन उभी. का, तर म्हणे ज्याचं पुस्तक आहे त्याच्यासारखं वाचल्याशिवाय त्यावर लिहिणं बरोबर नाही. मग कागदात आलं, 'बदक उत्तम. पाणी गार झालं तरी सोडवत नाही.' भुताच्या पुस्तकाच्या आठवड्यात घरातला एकही दिवा विझवू दिला नाही. मिसरूडवाल्यांची प्रेमकथा वाचली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीला जिन्यात गाठून विचारलं, की तुमच्या वयात खरंच इतकं रडतात का. तिची आई तणतणत खाली आली. तिची समजूत मी घातली. ह्यांनी घोळ घालायचा आणि मी निस्तरायचा, आमच्या संसाराची वाटणीच तशी झालीय.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण ह्यांची एक खोड अशी आहे की सांगितली तर लोक मलाच वेड्यात काढतात. हा माणूस कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचत नाही.

त्याचं मूळ ह्यांच्या कामात आहे. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली की ह्यांना बोलावणं यायचं. ह्यांचा जोडीदार वर मशीनच्या खोलीत जाऊन हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणायचा. त्याला वेळ लागायचा. तोवर हे दारापाशी उभे राहून आतल्या माणसांना धीर द्यायचे. आत कोणी रडायचं, कोणी दार बडवायचं, कोणाला दरदरून घाम फुटायचा. सुरुवातीला हे नुसतं 'झालंच, झालंच' म्हणायचे. त्यावर कोण विश्वास ठेवतंय? मग एकदा ह्यांनी दाराच्या फटीतून, आदल्या दिवशी कुठेतरी वाचलेली गोष्ट सांगायला घेतली आणि आतला आरडाओरडा थांबला. तेव्हापासून हे गोष्टींसाठी वाचायला लागले. आत कधी आजोबा असायचे, कधी शाळकरी पोर, कधी हिशेबनीस, म्हणून सगळ्या वयांचं आणि सगळ्या तऱ्हेचं वाचून ठेवायला लागले. दार उघडलं की गोष्ट आहे तिथे बंद. माणसं घाम पुसत बाहेर यायची आणि विचारायची, पुढे काय झालं हो? हे हत्यारांची पेटी उचलून म्हणायचे, पुस्तक वाचा. उभा जन्म माणसांना अधल्यामधल्या ठिकाणाहून सोडवण्यात गेला, आणि आता हेच महाशय लोकांना गोष्टीच्या अधेमधे लटकवून ठेवतात.

तरी तेव्हा स्वतः शेवट वाचायचे. ते बंद झालं कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यामुळे. एका रहस्यकथेबद्दल लिहिताना ह्यांच्या हातून निसटलं, की त्यातला माळी दिसतो तितका साधा नाही. सलूनवाला नेमकं तेच पुस्तक वाचत होता आणि थोडीच पानं उरली होती. हे दाढीला गेले तेव्हा त्याने एका गालाची दाढी केली, वस्तरा पुसला आणि उरलेली घरी जाऊन करा म्हणाला. हे अर्ध्या दाढीने सगळ्या बाजारातून घरी आले आणि कानाला खडा लावला. जे आपल्याला माहीतच नाही ते आपल्या हातून निसटणार कसं, हा ह्यांचा हिशोब. तेव्हापासून पुस्तक घरात आलं की आधी शेवटच्या प्रकरणाची पानं एकत्र धरून त्यांना रबरबँड लावायचा, आणि वाचत वाचत रबरबँडपाशी आलं की पुस्तक मिटायचं. ह्याला हे प्रामाणिकपणा म्हणतात.

आणि देवाने गाठ घातली ती माझ्याशी. मी पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान वाचते. शेवट बरा असेल तर पुढचं वाचायचं, रडका असेल तर पुस्तक परत. रडायला मला पुस्तक लागत नाही, घरात हे आहेत. अख्ख्या इमारतीला माझी ही सवय माहीत आहे. पोरंसुद्धा जिन्यात विचारतात, आजी, कुत्रा शेवटी सापडतो का? मी त्यांना खरं ते सांगते. घरात मात्र ह्यांनी नियम करून ठेवलाय, शेवटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मी नुसतं 'अहो, त्या पुस्तकात' एवढं म्हटलं की हे दोन्ही कानांत बोटं घालतात आणि शीळ वाजवायला लागतात. या वयात. पाहुण्यांसमोरसुद्धा.

तर मध्यंतरी काय झालं ते सांगते.

बेकरीवाल्याची बायको आजारी पडली. एरवी गल्ल्यावर ती असायची, तोंडाने फटकळ पण हाताने सढळ, पोरांना बिस्किटांचा चुरा असाच देऊन टाकायची. तिच्या पोटात गाठ निघाली. इस्पितळात भरती केलं, ऑपरेशनची तारीख ठरली. बेकरीची भट्टी काही बंद ठेवता येत नाही, त्यामुळे त्यांची मुलगी शाळा सुटली की आमच्याकडे यायला लागली. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. आमच्याकडे मात्र बसायची. खिडकीखाली पाय पोटाशी घेऊन, काही न बोलता. समोरचे दोन दात पडलेले, त्यामुळे आधीच तोंड बारीक दिसायचं. मला ते बघवत नव्हतं. मी खायला द्यायचे, ती 'नको आजी' म्हणायची.

ह्यांनाही बघवत नव्हतं, ते मला कळत होतं. त्या दिवसांत ह्यांनी वाचनालयातून 'दात पडताहेत' वाली पुस्तकं ढिगाने आणली. त्यात एक होडीवालीचं होतं. एक बाई नदीवर होडी चालवते, लोकांना या काठाहून त्या काठाला सोडते, तिची मुलगी तिच्यासोबत असते. पुढे आई आजारी पडते आणि मुलगी हळूहळू वल्हं मारायला शिकते. रबरबँडच्या अलीकडच्या पानावर आईचा ताप उतरतो, ती उठून बसते आणि गरम दूध मागून पिते. हे तिथे थांबले आणि असे खूश झाले की विचारू नका. दिवसभर दूध प्यालेल्या त्या आईचं कौतुक चाललं होतं.

मी अर्थातच शेवटचं पान आधीच वाचलं होतं. त्यात मुलगी आईचा रुमाल डोक्याला बांधून एकटीच होडी काढते. पलीकडच्या काठावर लोक तिला विचारतात, आई कुठे आहे, आणि ती सांगते की आई आता नाही. मी पुस्तक तिथेच मिटलं. मग ह्यांना म्हटलं, अहो, ते होडीचं पुस्तक. झाली शीळ सुरू. दुसऱ्यांदा म्हटलं, अहो ऐका तरी. शीळ आणखी मोठी. मी कपाळाला हात लावला आणि कणीक मळायला गेले. मला काय ठाऊक हे पुढे काय दिवे लावणार आहेत.

एक तारखेला सकाळी मी खाली पाव आणायला गेले. काचेवर नवा कागद लागलेला. आपल्याला काय, म्हणून मी वरवर बघत होते, आणि 'दात पडताहेत' च्या खाली नजर गेली. 'होडीवाल्या आईचं पुस्तक. ज्याची आई आजारी आहे अशा प्रत्येक मुलाने वाचावं. फार धीर येतो. प्रत सध्या एका हुशार मुलीकडे आहे.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेकरीवाल्याला विचारलं, कोणती हो ही हुशार मुलगी? तर तो कौतुकाने म्हणाला, आमचीच की. काकांनी परवा स्वतः आणून दिलं. भिंगरी ते इस्पितळात घेऊन जाते आणि आईला मोठ्याने वाचून दाखवते. दोघींना इतकं आवडलंय की काल पुस्तक तिथेच आईच्या उशाशी ठेवून आली. उद्या ऑपरेशन, तर आज उरलेलं सगळं वाचून संपवायचं असं दोघींचं ठरलंय. आज शाळेला सुट्टी, म्हणून मावशीबरोबर सकाळीच गेली. एवढं सांगून तो म्हणाला, 'काकांना सांगा काकू, पोरगी कितीतरी दिवसांनी हसली.'

मी पाव तिथेच विसरले. जिना कसा चढले मला माहीत नाही. हे आरामात चहा पीत बसले होते, पुढच्या महिन्याचं पहिलं पुस्तक मांडीवर, त्याला रबरबँड लावणं चाललं होतं. मी म्हटलं, अहो, ते होडीचं पुस्तक. ह्यांची बोटं सवयीने कानाकडे निघाली. मी पुढे होऊन ह्यांचे दोन्ही हात मनगटाला घट्ट धरले. चहा सांडला.

'आई मरते,' मी म्हटलं. 'त्या पुस्तकातली आई शेवटी मरते. आणि पोरगी ते आज तिच्या आईला वाचून दाखवणार आहे.'

ह्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, 'पण ती दूध प्याली होती.'

मला इतका राग आला होता, आणि ते ऐकून इतकं वाईट वाटलं, की दोन्हीपैकी काय करावं ते कळेना. मी चपला घातल्या. हे निघाले ते एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात माझी. जिन्यातून परत पाठवलं. खाली पोचल्यावर ह्यांनी आधी फळ्यावरचा कागद टराटरा फाडला, मग बेकरीच्या काचेवरचा फाडायला गेले आणि बेकरीवाला बघत राहिला. मी त्याला सांगितलं, शुद्धलेखनाची चूक आहे. दुसरं काय सांगणार?

बसमध्ये ह्यांचं डोकं चालायला लागलं, तो तर आणखी ताप. आधी म्हणाले, तिला सांगू की वाचनालयाने पुस्तक तातडीने परत मागितलंय. मग म्हणाले, नको, सांगू की छापखान्याने चुकून दुसऱ्याच पुस्तकाची पानं मागे जोडलीत. मग म्हणाले, मी तिच्या हातून पुस्तक घेतो आणि माझ्या हातून पाणी सांडतं. मी म्हटलं, तुमच्या हातून काय काय सांडतं ते आम्ही बघतोय. मग खिडकीबाहेर बघत राहिले. ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर थांबत होता. थांब्यावर बस थांबणारच, पण त्या दिवशी मला तेही सहन होत नव्हतं.

इस्पितळात पोचलो तर बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. मी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं, आणि ह्यांनी आत पाय न ठेवता मान वाकडी करून ऐकलं. म्हणाले, दाराचा रोलर घासतोय, हिच्यातून नको. मी म्हटलं, अहो, लोक स्ट्रेचर नेतात हिच्यातून. तर म्हणे त्यांना माहीत नाही म्हणून नेतात. तिथे वाद घालायला वेळ नव्हता. आम्ही जिन्याने गेलो. माझे गुडघे काय म्हणत होते ते मलाच ठाऊक. प्रत्येक मजल्यावर मी ह्यांना एक एक विशेषण देत होते, आणि शेवटी दम इतका लागला की विशेषणंही संपली.

वॉर्डच्या दाराशी हिरवा पडदा होता. पडद्याच्या फटीतून भिंगरी दिसली. स्टुलावर बसलेली, पाय जमिनीला टेकत नव्हते, मांडीवर पुस्तक उघडं. रबरबँड कधीच निघालेला. शेवटची पानं चालली होती. तिची आई कुशीवर वळून, गालाखाली हात घेऊन, एकटक तिच्याकडे बघत ऐकत होती. मावशी कुठेतरी औषधं आणायला गेलेली असावी. हे पुढे व्हायला लागले आणि जागच्या जागी थांबले. आता आत जाऊन तरी काय करणार होतो?

भिंगरी वाचत होती, दात नसल्यामुळे 'स' वर हवा सुटत होती. 'मग सकाळी आई उठली आणि म्हणाली, मला आता अगदी बरं वाटतंय. मग दोघी होडीत बसल्या. आई म्हणाली, आज वल्हं तू मार, मी नुसती बसते. दोघी पलीकडे गेल्या. आई पुन्हा कामाला लागली आणि पुन्हा सगळ्यांना ओरडायला लागली. आणि आईने मुलीला सायकल घेतली.'

मी ते पान वाचलं होतं. त्यातला एक शब्दही यात नव्हता. पोरीचं बोट ओळीवर होतं, पण हलत नव्हतं. वाचता वाचता तिने पान उलटलं आणि पुढचं पान कोरं होतं, तरी ती त्याच्याकडे बघून वाचत राहिली. सायकलचं तर अख्ख्या पुस्तकात नाव नव्हतं. नदीत सायकल कशाला येतेय?

'कोणत्या रंगाची सायकल गं?' तिच्या आईने विचारलं.

भिंगरीने खाली पुस्तकात बघितलं. 'लाल,' ती म्हणाली. 'इथे लिहिलंय.'

मला हुंदका आला तो मी पदरात दाबला. आणि मग शेजारी बघितलं. आमचे हे! ह्यांचा जीव भांड्यात पडला होता. चेहरा असा फुलला होता की जणू लॉटरी लागली. ह्यांनी त्या पुस्तकाचा शेवट आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता आणि तो गोड निघाला होता. मग माझ्याकडे वळले, आणि माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की भर वॉर्डात ओरडावंसं वाटलं मला. नजर म्हणत होती, आई मरते म्हणे. उगाच धावायला लावलं.

मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात भिंगरीने आम्हाला बघितलं. तिने पुस्तक पटकन मिटलं आणि आमच्याकडे आली. हे आत जाऊन तिच्या आईची विचारपूस करायला लागले, शेवट किती सुंदर आहे ते सांगायला लागले. भिंगरी मला हाताला धरून पडद्याबाहेर घेऊन गेली. काही क्षण बुटाने फरशी घासत राहिली.

'आजी, तुम्ही शेवटचं पान वाचलंय ना?'

मी मान हलवली.

'आईला सांगू नका,' ती म्हणाली. 'आजोबांनाही नको. ते कागदावर लिहितात.'

पोरीचं अगदी बरोबर होतं. ह्यांच्या पोटात एक गोष्ट राहत नाही. कळलं असतं तर पुढच्या एक तारखेला 'एका हुशार मुलीने रचलेला शेवट' म्हणून काचेवर लागलं असतं, तेही तिच्याच आईच्या बेकरीच्या काचेवर. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पुस्तक पिशवीत घातलं आणि कोणाला सांगणार नाही म्हटलं.

परत येताना बसमध्ये ह्यांची टकळी सुरू झाली ती थांबेना. मी म्हणे शेवटची पानं वाचते अशी प्रौढी मिरवते, पण नीट वाचत नाही. मी म्हणे चष्मा डोक्यावर ठेवून वाचते. मी म्हणे दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकातली आई मारून ती या पुस्तकात आणून ठेवली. वर म्हणाले, सायकलची कल्पना बघ, काय अनपेक्षित, लेखकाची कमाल आहे. मी पिशवी छातीशी धरून बसले होते. पुस्तक आत होतं. एक पान उघडून दाखवलं असतं तर बोलती बंद झाली असती. आजवरच्या संसारात मी इतकी गप्प कधी बसले नाही, आणि गप्प बसणं इतकं जड कधी गेलं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. घरी आल्यावर कागद पुन्हा लिहून काढला. मी म्हटलं, निदान ती आई आजारी असलेल्या मुलांची ओळ तरी काढा, लोक बेकरीवाल्याला विचारत बसतील. ते पटलं. ओळ काढली, पण तिच्या जागी नवी घातली. 'या पुस्तकाच्या शेवटाबद्दल आमच्या घरातून अफवा पसरली होती, ती निराधार आहे.' आमच्या घरातून म्हणजे कोणाकडून ते सगळ्या इमारतीला कळलं. शेजारच्या बाई, ज्या माझ्याशी बोलत नव्हत्या, त्या मुद्दाम येऊन बोलल्या. चष्म्याच्या चांगल्या डॉक्टरांचा पत्ता दिला. पुस्तक मी ग्रंथपालबाईंच्या हातात ठेवलं, शेवटचं पान दाखवलं, आणि ते आता त्यांच्या कपाटात कुलपाआड आहे. कोणी विचारलं तर त्या बांधणीला गेलंय म्हणतात. हे दर महिन्याला विचारतात.

ऑपरेशन चांगलं झालं. बरेच दिवस लागले, पण बेकरीवाल्याची बायको घरी आली, आणि परवा पुन्हा गल्ल्यावर बसलेली दिसली. अंगाने निम्मी झालीय, पण मी जाण्याआधीच दोन गिऱ्हाईकांना झापून झालं होतं. मला बरं वाटलं. आणि मग बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल दिसली. नवीकोरी, लाल. भिंगरीला अजून तिच्यावर नीट बसता येत नाही, नुसती हाताने ढकलत फिरवते.

मी सायकलकडे बघत राहिले. बेकरीवाल्याची बायको पाव बांधत होती. बांधता बांधता, वर न बघता, ती हळूच म्हणाली, 'छापलेल्या शेवटात सायकल नव्हती ना, काकू?'

मी पैसे काढायला पिशवीत हात घातला.

'ती आदल्या दिवशी पुस्तक उशाशी ठेवून गेली होती,' ती म्हणाली. 'मीही तुमच्यासारखीच. शेवटचं पान आधी बघते.' तिने दोऱ्याला गाठ मारली. 'दुसऱ्या दिवशी तिला म्हणणार होते, राहू दे, नको वाचूस. पण तिने वाचायला घेतलं.' मग पुडी माझ्याकडे सरकवली. 'तिला सांगू नका.'

मी मान हलवली. काय करणार, मला आता दुसरं काम उरलेलं नाही.

इतक्यात हे खाली आले. सायकल बघितली आणि आहे तिथेच थांबले. दोन्ही हात कमरेवर, छाती पुढे. सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, बघा, पुस्तकाचा परिणाम काय असतो ते. मग माझ्याकडे वळले. 'आणि तू म्हणत होतीस आई मरते.'

गल्ल्यावरची बाई खाली मान घालून सुटे शोधायला लागली. भिंगरी सायकलची घंटी पुसत होती, ती पुसतच राहिली. दोघींपैकी एकीनेही दुसरीकडे बघितलं नाही.

'माझंच चुकलं,' मी म्हटलं. 'उद्या जाऊन नंबर तपासून घेते.'